गोताडबाईंची भाऊबंदकी

शैला गोताडला राग येत नाही, असं तिच्या कॉलेजात सगळे समजत. ते साफ चूक होतं. तिला राग यायचा, पण तो ती घरी घेऊन यायची. दोन हजार सहा सालच्या त्या एप्रिलमध्ये मुंबईची मीटिंग आटोपून ती भाईंदरला उतरली, केबिन रोडच्या गर्दीतून फणफणत घरापर्यंत चालत आली, चपला भिरकावल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "शब्द माझा चुकलेला नाही. त्यांना हसायचं असेल तर हसू देत."

हरिश्चंद्र टीव्हीसमोर शेंगा सोलत बसला होता. "कुठला शब्द?"

"भाऊबंदकी."

त्याचा हात थांबला. या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. कारण ती ज्या भिंतीकडे तोंड करून बोलत होती, तिच्या पलीकडे हरिश्चंद्रचा सख्खा मोठा भाऊ काशीनाथ राहत होता, आणि दोघं भाऊ गेली सात वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

आता ही भिंत बरीच वर्षं भिंत नव्हतीच. शिवडीच्या एका खोलीत आठ माणसांनी दिवस काढल्यावर, सत्त्याऐंशी साली दोघा भावांनी भाईंदर पूर्वेला शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले आणि मधली भिंत फोडून दार काढलं. दोन घरांचं एक घर झालं. स्वयंपाक एकाच ओट्यावर, काशीनाथकडे. तो ओटा सांभाळायची शैलाची मोठी जाऊ सुलू. शैलाच्या बाजूचा ओटा मोकळा पडला, तर सुलूच म्हणाली, "तू पुस्तकं मांड तिथे. बी.ए. केलंस ना, आता पुढचं कर." शैलाने समाजशास्त्रात एम.ए. केलं ते त्या ओट्यावर. गॅसच्या जागी वह्या, डब्यांच्या जागी ग्रंथ. संध्याकाळी मधल्या दारातून फोडणीचा वास यायचा आणि मागोमाग हाक यायची, "शैला, ऊठ, जेवून घे, मग वाच." आपली पदवी सुलूताईच्या फोडणीवर झाली, हे शैला कुणालाही बिनदिक्कत सांगायची. त्या पदवीवर तिला कॉलेजात नोकरी लागली, आणि अकरावी-बारावीची पोरं तिला गोताड मॅडम म्हणू लागली.

मग नव्व्याण्णवचा शिमगा आला. गोताडांचं गाव संगमेश्वरच्या पुढे. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, आणि ती कुणाच्या दारात आधी यावी, याचा मान ठरलेला असतो. गोताडांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या जुन्या घरी यायची. त्या वर्षी काशीनाथने वरच्या अंगाला स्लॅबचं नवीन घर बांधलं होतं. थोरला जिथे, तिथे घर, असं म्हणून त्याने पालखी आधी आपल्या अंगणात वळवली. हरिश्चंद्र जुन्या घरी निरांजन लावून उभा. वात विझली की पुन्हा लावायची, पुन्हा उभं राहायचं. दुपारी पालखी आली, तिथून जेवूनखाऊन आलेल्या माणसांच्या खांद्यावर. त्याने ती ओवाळली. भाईंदरला परतला आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. शैला कॉलेजातून आली तेव्हा मधल्या दाराच्या जागी ओली भिंत होती आणि हरिश्चंद्र लादीवरचं सिमेंट पुसत होता.

ती त्याला काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण भिंत राहिली. पुढे तिला पिस्ता रंगही लागला.

बायका मात्र असल्या अबोल्याला भीक घालत नाहीत. शैला आणि सुलू केबिन रोडवर भाजीच्या गाडीपाशी भेटायच्या. तिथे कोकमाचं आगळ या हातातून त्या हातात जायचं, मसाल्याची बरणी जायची, काशीनाथच्या निकेतला मस्कतमध्ये नोकरी लागल्याची बातमी कळायची. घरी आलं की दोघी आपापल्या दारात शिरायच्या आणि भिंतीला कान लावल्याशिवायही एकमेकींच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या. भिंत अर्ध्या विटेचीच होती.

तर मीटिंगचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दूरशिक्षणाने बी.ए. करणाऱ्या मुलांसाठी समाजशास्त्राची मराठी पुस्तिका निघायची होती, आणि एक प्रकरण शैलाकडे आलं होतं. विषय तिनेच मागून घेतलेला. समाजाला बांधून काय ठेवतं, याचा विचार युरोपात सुरू झाला असं आपण शिकवतो. त्याच्या पाचशे वर्षं आधी ट्युनिसमध्ये जन्मलेल्या एका काझीने तोच प्रश्न घेऊन जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याला तोच प्रश्न विचारणाऱ्या फ्रान्सच्या एका दाढीवाल्या प्राध्यापकाच्या शेजारी बसवायचं आणि दोघांना बोलतं करायचं, असा तिचा बेत. नावं हरिश्चंद्रच्या जिभेवर बसत नसत, म्हणून घरात एकाचं नाव 'काझी' आणि दुसऱ्याचं 'प्रोफेसर' पडलं होतं.

काझीचा सगळा डोलारा एका अरबी शब्दावर उभा आहे: असबिय्या. एका रक्ताची, एका हालअपेष्टांतली माणसं एकमेकांसाठी जिवावर उदार होतात, ती ओढ. वाळवंटात ती घट्ट असते, कारण तिच्याशिवाय माणूस जगत नाही. त्या जोरावर ती माणसं शहर जिंकतात, आणि शहरात आली की सुखावतात. पहिली पिढी कष्टाची आठवण ठेवते, दुसरी ऐकलेलं सांगते, तिसरीला वाटतं, आपण जन्मतःच मोठे. तिथे ती ओढ संपते.

या शब्दाला मराठी काय? शैलाने महिनाभर डोकं खाजवलं आणि लिहिलं: भाऊबंदकी.

मीटिंगचे अध्यक्ष चांगले गृहस्थ होते, मुद्दाम टोचणारे नव्हेत. पण त्या शब्दापाशी आले आणि त्यांना हसू आवरेना. "गोताडबाई, भाऊबंदकी म्हणजे बांधावरून डोकी फोडणं. तुमचा काझी ऐक्याबद्दल बोलतोय. 'सामाजिक ऐक्य' करून टाकू." सगळे हसले. चहा आला. शैलाने चहा संपवला आणि तिथली भडास भाईंदरला आणली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने नफीसा परकारला गाठलं. नफीसा उर्दू शिकवायची, नयानगरला राहायची, माहेर बाणकोटचं, त्यामुळे मराठीत कुणाला हार जाणारी नव्हती. अरबीही तिला येत होतं.

"भाऊबंदकी?" नफीसा म्हणाली. "अगं, तुझ्या त्या अध्यक्षांना सांग, मूळ अरबी शब्दही काही सोज्वळ नाहीये. धर्मात तर त्याला बोल लावलाय. आपला माणूस चुकत असला तरी त्याचीच बाजू लावून धरायची, ती असबिय्या. वाईट खोड."

"मग काझीने तोच का घेतला?"

"मूळ अर्थ बांधण्याचा. कपाळाला पट्टी आवळतात ना, तसं. घट्ट बांधलं तर डोकं शाबूत राहतं, जास्त आवळलं तर दुखतं. काझीसाहेबांना दोन्ही माहीत असणार. काझी होते, रोज घरातलीच भांडणं पुढ्यात येत असतील."

शैला वर्गावर गेली ती या धुंदीतच. त्या दिवशी तिने पोरांना प्रोफेसर समजावला. "माझे मिस्टर इथेच स्टीलच्या कारखान्यात आहेत. एक पातेलं करायला एक माणूस पत्रा कापतो, दुसरा दाबतो, तिसरा कड वळवतो, चौथा पॉलिश मारतो. चौघांची भाषा वेगळी, देव वेगळे. पण एक आला नाही तर चौघांचं काम बसतं. प्रोफेसर म्हणतो, जुन्या गावात माणसं सारखी होती म्हणून जोडलेली होती. शहरात ती वेगळी आहेत म्हणून जोडलेली आहेत. शहराने माणसं तुटत नाहीत, जोडायची तऱ्हा बदलते."

मागच्या बाकावरून सान्वी नावाच्या मुलीने विचारलं, "मग मॅडम, खरं कोण? काझी का प्रोफेसर?"

"काझीलाही कामाची वाटणी ठाऊक होती," शैला म्हणाली. "एका माणसाला स्वतःची भाकरीसुद्धा एकट्याने करता येत नाही, शेतकरी लागतो, दळणारा लागतो, लोहार लागतो, हे त्याने लिहून ठेवलंय. पण त्याचं म्हणणं, भाकरीपुरती जमलेली माणसं संकटात एकमेकांसाठी उभी राहतीलच असं नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी लागतं." आणि मग ती थांबली, कारण तिला स्वतःलाच उत्तर येत नव्हतं. घंटा झाली म्हणून बरं.

उत्तराची तिला घाई होती, ती काही पुस्तिकेपायी नाही. पुस्तिकेत पुढे 'सामाजिक ऐक्य'च छापलं गेलं, आणि तिने ते गिळलं. घाई वेगळ्याच गोष्टीची होती. त्याच शुक्रवारी भाजीच्या गाडीपाशी सुलू भेटली. पालेभाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "आम्ही घर विकायला काढतोय, शैला. हे गावाला जाऊन राहायचं म्हणतात. रविवारी पार्टी येतेय बघायला."

शैलाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? निकेत तिकडे. इथे आम्ही दोघंच, चार भिंतींत." सुलूने भाजीवाल्याला पैसे दिले आणि पदर खोचला. "त्यातली एक भिंत तर तुमचीच."

हे बोलणं शैलाच्या जिव्हारी लागलं. सात वर्षं ती मनाशी म्हणत आली होती की भिंत काय, विटांची आहे, आज ना उद्या पडेल. पण पलीकडे परकं बिऱ्हाड आलं की संपलं. मग ती साधी भिंत झाली, जशी कुठल्याही दोन घरांमध्ये असते. ती पाडायला कुणी उरणार नव्हतं.

घरी येऊन तिने हरिश्चंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "विकू दे. त्याचं घर आहे." आणि जेवायला बसला तो भात चिवडून उठला.

शनिवारी सकाळी ती चहा गाळत असताना तो ओट्याशी येऊन उभा राहिला. "तुझा तो काझी," तो म्हणाला. "त्याला भाऊ होता का?"

"होता. तोही इतिहास लिहायचा. त्याचा खून झाला."

"दोघं बोलत होते का एकमेकांशी?"

शैलाने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "ते कुठे लिहिलेलं नाही. पण तुम्ही काझीला सोडा हो. तुम्ही जाऊन भावोजींना एक शब्द बोला. नका विकू म्हणा."

"मी का बोलू? पालखी त्याने वळवली."

"भिंत तुम्ही बांधली."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"दोघांचं चुकलं. दोघंही हट्टी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे." ती रडायच्या बेतात आली होती आणि रडणं तिला आवडत नसे. "तुम्हाला कळत कसं नाही? माझं शिक्षण त्या दारातून झालंय. मला ते दार पाहिजे. तुमचा मान तुम्ही घाला चुलीत."

हरिश्चंद्रने चहा तिथेच ठेवला आणि कामावर गेला.

रविवारी रोशन नावाचा एजंट मालाडच्या एका नवरा-बायकोला घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. हरिश्चंद्र त्याच वेळी आपल्या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत जिन्यात उभा होता. बिजागऱ्या अगदी ठणठणीत होत्या. शैला आत दाराआड उभी राहून हा तमाशा बघत होती. काशीनाथचं दार उघडंच होतं. रोशनने मधल्या भिंतीवर बोटं वाजवली. "एकदम पक्की दीवार है. बाजूवाले से कुछ लेना-देना नहीं."

त्या बाईंनी विचारलं, "बाजूवाले कैसे लोग हैं? वो क्या है, हम दोनों जॉब पे जाते हैं, बच्चे अकेले रहेंगे."

आता काशीनाथ काय बोलतो, याकडे शैलाचे कान लागले. हरिश्चंद्रच्या हातातली तेलाची बाटली वाकडी झाली होती आणि तेल लादीवर ठिबकत होतं.

"बाजू में मेरा छोटा भाई है," काशीनाथ म्हणाला. "टेन्शन नहीं लेने का. कोई भी टाइम दरवाजा खटखटाओ, आएगा. बोलेगा कम, लेकिन आएगा."

रोशनला हे नवीन होतं. शैलालाही. सात वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही, त्याची हमी हा माणूस परक्या लोकांना देत होता, आणि ती देताना त्याचा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता.

हरिश्चंद्रने बाटली जिन्यात ठेवली आणि तो सरळ भावाच्या घरात शिरला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"इनका मत सुनो," तो त्या जोडप्याला म्हणाला. "मैं एक नंबर का झगडालू आदमी हूँ. ये दीवार देखी? यहाँ दरवाजा था. मैंने बंद किया. सगे भाई के लिए बंद किया. आप तो बाहर के हो, सोचो."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं. रोशन काहीतरी सावरायला गेला, पण ती दोघं 'फोन करते हैं' म्हणत जिना उतरलीसुद्धा. रोशनही त्यांच्यामागे पळाला.

काशीनाथ लालबुंद झाला होता. "सात वर्षांनी माझ्या घरात पाय ठेवलास, तो गिऱ्हाईक पळवायला?"

"हो. पळवायला."

"लाज वाटत नाही?"

"तुला वाटली होती, पालखी फिरवताना? निरांजन घेऊन उभा होतो मी दुपारपर्यंत. पोरं हसत होती मला."

"पालखी काय मी खिशात घालून नेली? मानकऱ्यांनी वळवली."

"तू सांगितलंस म्हणून वळवली. खोटं बोलू नकोस दादा."

'दादा' ऐकून आतून सुलू बाहेर आली आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. शैलाही उंबऱ्यात येऊन थांबली होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, पण कुणीच मध्ये पडलं नाही. सात वर्षांचं तुंबलेलं होतं, ते वाहू द्यायला हवं होतं. ते वाहिलं. स्लॅबचं घर निघालं, शिवडीची खोली निघाली, निकेत मस्कतला निघाला तेव्हा निरोपाला कोण आलं नाही ते निघालं, आईच्या शेवटच्या दिवसांत कोण किती जागलं ते निघालं. खालच्या मजल्यावरच्यांनी दारं उघडली. शैलाला वाटलं, अध्यक्षांना इथे आणून बसवायला हवं होतं. हीच ती भाऊबंदकी, जिला ते हसले होते. आणि मघाशी परक्यापुढे जी हमी निघाली, तीही हीच. काझीने एका शब्दात दोन्ही ठेवलं, आणि मराठीनेही ठेवलं होतं, फक्त आपण अर्धंच वापरत आलो.

"आणि गावाला का चाललायस?" हरिश्चंद्र ओरडला. "काय ठेवलंय तिथे?"

"गेल्या महिन्यात सुलूला घाम फुटला, छाती भरून आली. मी एकटा. कुणाचं दार वाजवू?" काशीनाथने सुलूकडे बोट दाखवलं. "गावाला निदान भावकी आहे."

"आणि मी कोण?"

"तू भिंत बांधलीस."

"मग पाडायची होतीस ना." हरिश्चंद्र आता ओरडत नव्हता. "पालखीच्या वेळी थोरला होतास. भिंतीच्या वेळी कुठे गेला तुझा थोरलेपणा? मी वाट बघत होतो, दादा. रोज कामावरून आलो की आधी भिंतीकडे बघायचो, हातोडा बसला की काय म्हणून."

काशीनाथ खाली बसला. सुलूने पदर तोंडाला लावला. शैलाला हे ठाऊक नव्हतं. सात वर्षं त्याच माणसाशेजारी जेवली, झोपली, आणि तो घरी येऊन भिंतीकडे बघतो ते ती रंग बघतोय असं समजत होती.

तेवढ्यात काशीनाथचा फोन वाजला. खालून रोशन बोलत होता. दुसरी पार्टी तयार आहे, गेटवरच उभी आहे, वर आणू का?

"अभी नहीं," काशीनाथ म्हणाला. "घर में झगडा चालू है."

त्याने फोन ठेवला, डोळे पुसले, आणि भावाला हाताने समोर बसायची खूण केली.

"हं, बोल," तो म्हणाला. "दुपारपर्यंत उभा होतास. मग?"